दीड मीटर

म्हापशाच्या बाजारात, सॉसेजच्या माळांमागच्या बोळात,
कायतानच्या काउंटरवर मी अॅम्प्लिफायर ठेवला
तर त्याने आधी वास घेतला.
झाकण उघडलं ते नंतर.
"बाब, हो पिकला," म्हणाला.

पिकले होते दोन कपॅसिटर,
भिजल्या काजूबीसारखी डोकी फुगलेली,
बुडाशी तपकिरी डाग.
चार हजार आठशेचा डबा, सात पावसाळे खाल्लेला.
अलीकडे तो सारखा घूं करायचा,
जणू आत एक गांधीलमाशी
आणि बाहेर जायची वाट तिला नको होती.

मी मात्र पिशवीतून दुसरंच काढलं:
सगुणने माझ्या गळ्यात मारलेली पॉवर केबल,
धामणीएवढी जाड, निळी जाळीदार कात,
किंमत डब्यापेक्षा जास्त.
"बासरी मोकळी होते हिने," सगुण म्हणाला होता,
"खर्ज पार जमिनीत उतरतो."

कायतानने ती तळहातावर तोलली
आणि दाराबाहेर बोट दाखवलं.
खांब. तारा. तारेला गाठ, गाठीवर कावळा.
पुढे फणसाला घासत, कपेलाला वळसा घालून
तेल गळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत,
आणि तिथून मागे कुठवर, देव जाणे.
"इतक्या लांबून अनवाणी चालत येतो करंट
आणि तू त्याला उंबऱ्यावर नवे बूट घालतोस?"

मी गप्प. एकदा पैसे मोजले
की कान वकिली करू लागतात.

घरी, अस्नोड्याला, जेवणं आटोपल्यावर
शैलाला म्हटलं, मी भिंतीकडे तोंड करून बसतो.
नाणं उडव. छापा आला की जाड, काटा आला की साधी.
लाव, आणि बोलू नकोस.
वीस वेळा.
मी लिहीत गेलो, जाड, साधी, जाड, जाड,
खाडाखोड न करता.
भिंतीवर पाल होती, तीही ऐकत असावी.

वीसात अकरा.
"नाण्यालाही दहा पडले असते," शैला म्हणाली,
"आणि सातव्या वेळी मी तीच काढून तीच लावली.
तेव्हा 'आहा' म्हणालात."

पुढच्या शनिवारी कायतानने कपॅसिटर बदलले,
दोघांचे सत्तर रुपये, हाताचे दीडशे.
घूं गेली.
इथे नाणं लागलं नाही,
पलीकडच्या खोलीतून शैलानेच विचारलं, बंद केलात का?

मग मी ती कॅसेट लावली,
नव्याण्णवच्या जत्रेत पहाटे तीनला भरलेली.
यशवंताची पेटी, पोरांच्या शिट्ट्या,
राजा एका वाक्यावर अडलेला,
आणि त्या अडण्याच्या आत, खूप खाली,
विंगेतून कोणीतरी कुजबुजतंय पुढचं वाक्य.
मीच तो. प्रॉम्प्टर.
चोवीस वर्षं ही कॅसेट ऐकतोय,
मला मी कधी सापडलो नव्हतो.

कपॅसिटरमुळेच, असं मी दोन दिवस सांगत सुटलो.
तिसऱ्या दिवशी शैला म्हणाली,
त्या रात्री फ्रीज बंद होता,
बर्फ काढायला ठेवला होता मी.

आता कशाला श्रेय द्यायचं?
सत्तर रुपयांना, बर्फाला,
की वीस वेळा भिंतीकडे तोंड करून
ऐकायची जी सवय लागली तिला?
फ्रीज चालू ठेवून पुन्हा ऐकायला हवं.
अजून ऐकलेलं नाही.

काल सगुण आला. खुर्चीत मान टाकून,
डोळे मिटून बासरी ऐकली.
"बघ," म्हणाला, "केबल बोलते की नाही?"
केबल स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरला होती.
सगुण थांबला, माझ्याकडे बघत,
वाक्य अडलेल्या राजासारखा.

मी पुढची ओळ दिली नाही.
आत कुकरचं बटण टक्कन वर आलं.